शानभागाचा कौल

आमच्या कुत्र्याचं नाव शानभाग होतं. हे काय कुत्र्याचं नाव झालं, असं माझी सून अजून विचारते. पण वाडीत कुणाला त्यात वावगं वाटलं नव्हतं. खरा शानभाग, म्हणजे सरकारी हिशेबनीस, भातकापणीची सुग्गी संपली की सुप्याहून चालत यायचा. घराघराच्या उंबऱ्यात उभा राहून आत डोकावायचा, चुलीवर काय शिजतंय ते नाकानं बघायचा आणि काहीतरी पदरात पडल्याशिवाय पुढं सरकायचा नाही. आमचं पिल्लू चालायला लागलं तेव्हापासून नेमकं हेच करायचं. बाबांनी एकदा गमतीनं तशी हाक मारली आणि तेच नाव राहिलं. पंचाईत व्हायची ती खरा शानभाग आल्यावर. तो ओसरीवर पान लावत बसलेला असायचा आणि आई परसातून सवयीनं ओरडायची, "शानभागा, मुडद्या, तोंड काढ त्यातनं." मग बाबांना एकदम खोकला यायचा. त्या माणसाला कधी कळलं की नाही, देव जाणे. कळलं असलं तरी त्यानं दाखवलं नाही, कारण आईच्या हातची आमसुलाची कढी त्याला फार आवडायची.

वाडी आमची अणशीच्या वरच्या अंगाला, भर रानात. पाच-सात घरं, मातीच्या भिंती, वर गवताचं छप्पर. पहाटे आईच्या जात्याची घरघर, मग बाबांचं खाकरणं, मग गुरांच्या गळ्यातल्या लाकडी घंटांची टकटक, आणि उजाडता उजाडता डोक्यावरून ककणेर जायचे. त्या पक्ष्याच्या पंखांचा आवाज कसा असतो ते मी आजवर कुणाला समजावू शकले नाही. लग्न होऊन खानापूरकडं गेले तेव्हा पहिले काही महिने मला झोप लागायची नाही, तिकडं फार शांत वाटायचं. लोक म्हणतात रान शांत असतं. त्यांना म्हणावं, एक दिवस राहून बघा. खायला नाचणीची भाकरी, भाताची पेज, राखेत भाजलेले कंद आणि तांबड्या मुंग्यांची चटणी. चटणीचं नाव काढलं की माझी नातवंडं तोंडं वाकडी करतात. करू देत, त्यांना काय कळतंय.

बाबा फार कमी बोलायचे. आई चार वाक्यं बोलली की ते एक 'हूं' म्हणायचे. पण भात पोटरीला आला की रानडुकरांपासून राखण करायला ते शेतातल्या माळ्यावर राहायला जात, आणि शानभाग त्यांच्याबरोबर. मी सांजेला भाकरी घेऊन जायची तर लांबूनच बाबांचा आवाज यायचा. माळ्याखाली कुत्रा बसलेला आणि वरून हे त्याला सांगताहेत: यंदा कुठल्या वाफ्यात पाणी मुरलं नाही, पाड्याच्या पायाला काय झालं, माझ्या आधीचा भाऊ तापात गेला तो आज असता तर केवढा झाला असता. मला बघितलं की गप्प. एकदा मी हे आईला सांगितलं. ती भाकरी थापता थापता म्हणाली, "मला सांगीत न्हाईत ते त्याला सांगत्यात. सांगूं देत. तो मधी बोलत न्हाई, मी बोलते." पण तिला ते लागलं होतं, हे मला तेव्हाही कळलं.

बाबांकडं वाडीचं एक मोठं काम होतं. रानातल्या ठाण्यावर देवाचा एक काळा पाषाण होता आणि त्याला कौल लावायचा मान आमच्या घराचा. कुणाचं लग्न जुळवायचं असो, हरवलेली गाय शोधायची असो, माणसं बाबांकडं यायची. बाबा आंघोळ करून पिटकुळीच्या तांबड्या फुलाच्या दोन पाकळ्या पाण्यात बुडवायचे आणि एक पाषाणाच्या उजव्या अंगाला, एक डाव्या अंगाला लावायचे. मग प्रश्न विचारायचा आणि सगळ्यांनी गप्प बसून बघायचं. उजवी आधी पडली तर देवाचा होकार, डावी पडली तर नकार. एवढंच. पण त्या एवढ्याशावर आमची सगळी वाडी चालायची. बाबांचा कौल म्हणजे स्वच्छ, असं नंदिगड्ड्यापर्यंत लोक म्हणायचे. बाबांना कसलाही गर्व नव्हता, पण ह्या एका गोष्टीचा होता.

आणि आमच्यात आणखी एक रीत होती. वाडीची मिळून शिकार झाली की मटणाचे वाटे पडायचे, आणि ज्या कुत्र्यानं शिकारीत काम केलं त्याचाही एक वाटा निघायचा, माणसाइतकाच. एकदा का कुत्र्याला वाटा मिळाला की तो वाडीचा माणूस. मग त्याला कुणी, मालकानंसुद्धा, आपल्या मनानं जिवे मारायचं नाही. तशी वेळ आलीच तर आधी देवाला विचारायचं. शानभागानं किती वाटे खाल्ले होते त्याची गणतीच नव्हती.

तर त्या वर्षी, थंडी सरताना, त्याच्या जबड्याखाली गाठ आली. आधी सुपारीएवढी होती, तेव्हा आम्ही काटा मोडला असेल म्हणालो. मग ती वाढत गेली. आईनं पाला वाटून बांधला, तो त्यानं पायानं काढून टाकला. नंदिगड्ड्याचा झाडपाल्याचं औषध देणारा म्हातारा आला, त्यानं बोटांनी चाचपलं आणि म्हणाला, "हे आतनं आलंय. ह्याला माझ्याकडं कायबी न्हाई." फणस पिकायला लागले तोवर शानभागाला तोंड नीट उघडता येत नव्हतं. मी पेज पातळ करून तळहातावर घ्यायची आणि तो जिभेचं टोक काढून चाटायचा. अर्धी खाली सांडायची. गाठ फुटून वाहायला लागली, माश्या बसायच्या, आणि तो त्या हाकलायला मान झटकायचा तेव्हा त्या झटक्यानंच कळवळायचा. त्याचं ते कण्हणं घरात कुठंही बसलं तरी ऐकू यायचं. आई जात्यावर ओव्या म्हणायची ती म्हणेनाशी झाली.

आता म्हातारपणी कुणी मला विचारतं, एवढं होतं तर तेव्हाच का नाही मोकळं केलं. बाहेरून सोपं दिसतं. त्याचे काही दिवस बरे जायचे. मधेच एका सकाळी तो उठून चालत विहिरीपर्यंत यायचा, माझ्या हातावर नाक टेकायचा, आणि मला वाटायचं, हा काय मरायला टेकलेला जीव आहे का? बरा दिवस असला की त्याला मारायचं तोंडून निघत नाही. वाईट दिवस असला की वाटतं, उद्या बरा असेल. असं करत करत दिवस जातात, आणि ते दिवस आपले नसतात, त्याचे असतात.

शेवटी आईनंच विषय काढला. "आता देवाला इचारा," ती बाबांना म्हणाली. बाबांनी 'हूं' केलं. फुलं आणायला मीच गेले. ठाण्यावर आम्ही घरातले, आणि बुधवंत आज्जा, म्हणजे वाडीचा प्रमुख. त्याच्यासमोर कौल व्हायचा अशी पद्धत. बाबांनी पाकळ्या लावल्या आणि विचारलं, "देवा, शानभागाला मोकळा करूं काय? करायचा असंल तर उजवी दे." थोड्या वेळानं डावी पडली. उजवी तशीच राहिली. मला इतका आनंद झाला की मी घरी पळत जाऊन शानभागाला सांगितलं. तो परसात पडून होता, त्यानं कान हलवला.

पुढच्या सोमवारी परत विचारलं. परत डावी. त्याच्या पुढच्याही सोमवारी तेच. दरम्यान शानभागाचं उठणं बंद झालं होतं. हाडं वर आली होती, आणि जवळ गेलं की तो मान न उचलता नुसते डोळे वर करायचा. तिसऱ्या नकाराला मला आनंद झाला नाही. मला देवाचा राग आला. देवाचा राग येतो हेच मला नवीन होतं, आणि मी कुणाला बोलले नाही.

त्या दिवशी ठाण्यावरून आलो आणि बाबा न्हाणीपाशी जाऊन आईला म्हणाले, "वाईच खोबरेल दे." आईनं वाटी दिली. बाबा बोटांना तेल चोळत उभे राहिले, अंगठा आणि पहिलं बोट, घासून घासून. आई दारात उभी राहून बघत होती. आमच्याकडं बाईमाणसाला हे सांगावं लागत नाही. हाताला खोबरेल एकाच कामाला मागतात. फणसाचा चीक पाण्यानं सुटत नाही, राखेनं सुटत नाही, तेलानंच सुटतो.

"आज घरात फणस कुणी कापला?" आई म्हणाली.

बाबा बोटं घासतच राहिले.

"परवाचा फणस परवाच संपला. आठळ्या वाळत घातल्यात. मग चीक कुठला ओ?"

मी आठळ्यांपाशीच बसले होते. मला आधी काहीच समजलं नाही. मग बाबांचं तोंड बघितलं आणि सगळं समजलं. बाबांनी उजव्या पाकळीला मागून चीक लावला होता. तिन्ही वेळा. देवाच्या अंगाला होकार चिकटवून ठेवला होता, म्हणजे तो पडूच नये. आणि हा कोण माणूस, तर ज्याचा कौल स्वच्छ म्हणून लोक दोन डोंगर ओलांडून यायचे.

मला वाटलं आता आई आकाशपाताळ एक करणार. तिची जीभ सगळ्या वाडीला ठाऊक होती. पण ती ओसरीच्या कडेला बसली आणि बाबांनाही बसायला सांगितलं. बाबा बसले. परसातून कण्हण्याचा आवाज येत होता, तो त्या दोघांच्या मधे येऊन बसल्यासारखा.

"माज्याच्यानं होत न्हाई," बाबा म्हणाले. "उजवी पडली तर माज्या हातानं करायला लागंल."

"मंग तसं सांगायचं. देवाच्या माथ्यावर कशाला?"

"देवानं नको म्हटलं की मला झोप लागती."

"तुमाला लागती," आई म्हणाली. "त्याला लागती काय?"

बाबा रडले. मी त्यांना रडताना पहिल्यांदाच बघितलं. भाऊ गेला तेव्हा रडले असतील, पण तेव्हा मी नव्हते. आईनं त्यांच्या पाठीवर हात ठेवला नाही की काही नाही, आमच्याकडं पोरांसमोर तसं करत नव्हते. ती नुसती म्हणाली, "तो देवाकडं बगत न्हाई ओ. तुमच्याकडं बगतो. आयुष्यभर तुमच्याकडंच बगत आलाय, आता बी तुमीच सांगायचं." एवढं बोलून ती उठली आणि चूल पेटवायला गेली. त्या एका वाक्यासाठी मी माझ्या आईचे बाकीचे सगळे शिव्याशाप माफ केले आहेत, आणि ते काही थोडे नव्हते.

सकाळी बाबा आंघोळ करून ठाण्यावर गेले. मला फुलं आणायला सांगितलं नाही, पण मी मागोमाग गेले आणि त्यांनी हाकललं नाही. त्यांनी तेलाचं बोट फिरवून पाषाण पुसला, मग पाण्यानं धुतला, मग हात जोडून उभे राहिले. "आज इचारायला आलो न्हाई," ते म्हणाले. "सांगायला आलोय. मी शानभागाला मोकळा करतो. माजी चूक माज्या पदरात, त्याच्या न्हवं." आणि वळून चालायला लागले. देवाला असं सांगता येतं हे मला माहीत नव्हतं. मी मागं वळून बघितलं, पाषाण होता तसाच होता.

घरी आल्यावर बाबांनी खुंटीवरची ठासणीची बंदूक काढली आणि ओसरीवर बसून भरली. ती बंदूक मोठी लहरी होती, कधी नुसतीच फुसकन धूर काढायची. बाबांनी बार दोनदा तपासला, ठिणगी पाडणारी टोपी बदलली. आईनं रानमधाचं मडकं उतरवलं. मी बोटावर मध घेऊन शानभागापाशी बसले. चाटायची त्याची ताकद उरली नव्हती, म्हणून मी त्याच्या ओठाच्या कडेला लावलं. थोड्या वेळानं जीभ बाहेर आली आणि तेवढं घेऊन आत गेली. अजून लावलं, तेही घेतलं. मग बाबांनी त्याला पोत्यासकट उचललं आणि परसाच्या पलीकडं, कोकमाच्या सावलीत नेऊन ठेवलं. मला म्हणाले, "बाय, आत जा." मी घराच्या कोपऱ्यापर्यंत गेले.

बाबा खाली बसले. शानभागाचं डोकं मांडीला टेकवून ते त्याच्याशी बोलत होते. काय बोलत होते ते मला ऐकू आलं नाही आणि मी ऐकायचा प्रयत्नही केला नाही. बराच वेळ बोलले. मग हळूच त्याचं डोकं पोत्यावर ठेवून उठले, मागं सरकले. बंदूक लहरी होती, पण त्या दिवशी तिनं दगा दिला नाही. एकच बार झाला. झाडावरची माकडं ओरडत पळाली, आणि मग जे आवाज नेहमी असायचे ते सगळे परत आले. फक्त कण्हणं नव्हतं. किती आठवडे ते आमच्या कानात होतं, आणि ते थांबल्यावर मला कळलं की मी तेवढे आठवडे खांदे वर ओढून बसले होते. मी तिथंच भिंतीला टेकून बसले. रडले, खूप रडले, पण खरं सांगायचं तर छातीवरचं काहीतरी उतरलं होतं.

बार ऐकून वाडीतली माणसं आली. शिकारीचे वाटे खाल्लेल्या कुत्र्याला पुरायला सगळ्यांनी यायचं, तीही रीतच. खड्डा खणला, मीठ घातलं, माती लोटली. मग बाबा सगळ्यांपुढं उभे राहिले आणि त्यांनी सांगून टाकलं: तिन्ही कौल खोटे होते, चीक लावला होता, आता हा मान माझ्याकडं नको, दुसऱ्या घराला द्या. एका दमात एवढं बोलताना मी त्यांना माणसांपुढं तरी कधी ऐकलं नव्हतं.

बुधवंत आज्जानं पान थुंकलं. "ठाऊक हाय," तो म्हणाला.

बाबांनी मान वर केली.

"पैल्या बारीलाच कळलं. दुसऱ्या दिशी दिवा लावायला गेलो, तर पाकळी वाळून कागद झालीया, पण सुटाय तयार न्हाई. नखानं खरवडलो. सगळ्यांस्नी सांगितलो बी."

"मग बोललासा का न्हाई?"

"काय बोलायचं? तुजा जीव त्याच्यात किती हाय ते आमाला दिसत न्हवतं? म्हटलं, घेऊं दे त्याला लागंल तेवढा येळ." मग आज्जा मातीकडं बघत म्हणाला, "त्या बिचाऱ्याचा येळ कुणी इचारलाच न्हाई. आमचंबी चुकलं." बाकीच्यांनी माना हलवल्या. बाबांनी परत मानाचं काढलं तसा आज्जा वैतागला. "खुळा हाईस काय? तूच घालायचा कौल. फक्त फणसाच्या दिसात हात दाखवून घाल." कुणीतरी हसलं, मग सगळेच हसले, आणि बाबाही डोळे पुसत हसले. मयतीला हसतात का, असं मला वाटलं, पण मीही हसत होते.

सांजेला आईनं भात केला, सुकी मासळी भाजली, आमसुलाची कढी केली. कितीतरी दिवसांनी आम्ही तिघं एकत्र जेवायला बसलो. आधी आम्ही पाळीपाळीनं, तोंडात कोंबून उठायचो. बाबा घास हातात घेऊन बसले होते.

"काय झालं?" आईनं विचारलं.

"सकाळपासनं हलकं हलकं वाटतंय," बाबा म्हणाले. "त्याला जाऊन एक दीस झाला न्हाई, आणि मला बरं वाटतंय. लाज वाटती गं."

आईनं कढीची पळी खाली ठेवली. मी आयुष्यात पुढं पुष्कळ माणसांची आजारपणं काढली, माझ्या नवऱ्याचंही, आणि ते संपलं तेव्हा मलाही असंच हलकं वाटलं होतं आणि अशीच लाज वाटली होती. तेव्हा मला सांगायला आई नव्हती. पण तिचं बोलणं मला पाठ होतं, म्हणून मी तरले.

"लाज कसली?" ती म्हणाली. "त्याचं दुखणं तुमच्या अंगात होतं, ते त्याच्याबरूबर गेलं. त्याला बरं वाटलं म्हणून तुमाला बरं वाटतंय. जेवा आता."

बाबांनी घास तोंडात घातला. मग अजून एक. मग ताट पुढं सरकवून त्यांनी परत भात मागितला.